इयागोकडे हातरुमाल, स्कार्पियाकडे सही-शिक्का

तारसप्तक

पुच्चिनीच्या ‘तोस्का’ या ऑपेरात पडदा उघडण्याआधीच खलनायक येऊन जातो. प्रस्तावनेचं संगीत वगैरे काही नाही. अख्खा वाद्यवृंद सगळा जोर लावून तीन कॉर्ड (एकदम वाजणारे स्वरगुच्छ) आपटतो आणि पुढच्याच क्षणी तुरुंगातून पळालेला एक माणूस धापा टाकत चर्चमध्ये शिरतो. ते तीन कॉर्ड म्हणजे बॅरन स्कार्पिया, रोमचा पोलीसप्रमुख. तो स्वतः रंगमंचावर यायला अजून बराच अवकाश आहे, पण त्याच्या भीतीने एक माणूस आत्ताच पळतोय.

ज्यांना कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काळ जून १८००, जागा रोम. आंजेलोत्ती हा राजकीय कैदी पळतो. चित्रकार काव्हारादोसी त्याला आपल्या घराच्या बागेतल्या विहिरीत लपवतो. काव्हारादोसीची प्रेयसी फ्लोरिया तोस्का ही नावाजलेली गायिका, भाविक आणि भयंकर मत्सरी. स्कार्पियाला कैदी हवाय आणि तोस्काही हवीय. तो चित्रकाराला पकडून आणतो, शेजारच्या खोलीत त्याचे हाल करतो, त्या किंकाळ्या तोस्काला ऐकवतो, तिच्याकडून पत्ता काढून घेतो आणि मग प्रियकराच्या जिवाची किंमत म्हणून तिच्याकडे तिचीच मागणी करतो. ती त्याच्याच जेवणाच्या टेबलावरची सुरी त्याच्या छातीत खुपसते. तो मरतो. तरीही शेवटी जिंकतो तोच, त्यावर खाली येतो.

मला जे म्हणायचंय ते एवढंच: स्कार्पिया इतका अंगावर येतो कारण तो सगळं काही कार्यालयीन वेळेत आणि रीतसर करतो. ऑपेरात दुष्ट माणसांची वानवा नाही. शाप देणारे आहेत, विष पाजणारे आहेत, बदल्याच्या आगीत पोटच्या पोरांना ओढणारे आहेत. पण हा सभ्य गृहस्थ खुर्चीत बसून असतो. दुसऱ्या अंकात काव्हारादोसीला आणतात तेव्हा सोबत कोण कोण येतं बघा: शिक्षा अंमलात आणणारा रोबेर्ती, एक न्यायाधीश आणि एक लेखनिक. छळाच्या खोलीत लेखनिक! स्कार्पिया चित्रकाराला सांगतो की न्यायाधीश साक्षीदार म्हणून तुमची वाट पाहत आहेत. आणि हळूच रोबेर्तीला म्हणतो, आधी नेहमीची पद्धत, मग माझ्या खुणेनुसार. हे वाक्य मला त्या अंकातलं सर्वांत भीषण वाक्य वाटतं. किंकाळ्या नंतर येतात.

पुढे तोस्काला तो काय म्हणतो? ‘मी तुझ्यावर जबरदस्ती करणार नाही. तू मोकळी आहेस, जा.’ ती राणीकडे दाद मागायला निघणार हे ओळखून पुढे जोडतो की जरूर जा, राणी एका प्रेताला माफी देईल. म्हणजे दरवाजा उघडाच आहे. तिने ‘किती?’ विचारल्यावर तो हसतो. लोक मला लाचखाऊ म्हणतात खरे, पण सुंदर बाईकडून मी पैसे घेत नाही, असं सांगतो. आपल्याबद्दल गावात काय बोललं जातं हे त्याला माहीत आहे आणि त्याचं त्याला काडीचंही वाटत नाही.

सौदा ठरल्यावरसुद्धा तो नियमावर बोट ठेवतो. उघड माफी देण्याचा मला अधिकार नाही, सगळ्यांना तो मेला असंच वाटलं पाहिजे, म्हणून लुटुपुटीचा गोळीबार करू. तोस्कासमोर तो आपला हस्तक स्पोलेत्ता याला हुकूम देतो: काउंट पाल्मिएरीच्या वेळी केलं तसं. दोनदा बजावतो. स्पोलेत्ता समजतो. तोस्काला समजत नाही. पहाटे गोळ्या खऱ्याच निघतात, तेव्हा हुकूम देणारा आदल्या रात्रीच गार झालेला असतो आणि यंत्रणा मात्र त्याच्या शब्दाबरहुकूम चालू असते.

पहिल्या अंकात तोस्काचा मत्सर चेतवायला त्याला मार्केझा आत्ताव्हांतीचा (आंजेलोत्तीच्या बहिणीचा) पंखा सापडतो, तेव्हा तो स्वतःच म्हणतो की इयागोकडे हातरुमाल होता, माझ्याकडे पंखा आहे. इयागो म्हणजे शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’तला खलनायक, एका हातरुमालावरून नवऱ्याच्या मनात बायकोबद्दल संशय पेरणारा. शेक्सपिअर वाचलेला पोलीसप्रमुख. माझ्या मते इथे तो स्वतःला कमी लेखतो. इयागोला कारस्थान रचावं लागलं, कारण त्याच्या हातात अधिकार नव्हता. याला तशी गरजच नाही.

तुमचं काय मत? इटालियन ऑपेरातला याहून वाईट माणूस सांगा.

---

रानजाई

वाचतेय. ऑपेरा म्हणजे जाड बाई किंचाळते एवढंच ज्ञान होतं, त्यामुळे हे भलतंच रंजक निघालं. कुठून सुरुवात करू? पूर्ण तीन तास बसवणार नाही माझ्याच्याने.

---

तारसप्तक

@रानजाई, तीन तास नाहीतच. मध्यंतरं वगळली तर दोन तासांच्या आत संपतो. तुम्ही थेट दुसरा अंक बघा, साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा. त्यात गोब्बी (स्कार्पिया) आणि कालास (तोस्का) या गायकांचं लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधलं १९६४चं कृष्णधवल चित्रीकरण आहे. सबटायटल लावून बघा, नाहीतर निम्मी मजा जाईल.

---

कोमल_धैवत

धागा आवडला. त्या तीन कॉर्डबद्दल थोडं लिहितो, कारण सगळी गोम तिथे आहे.

ते आहेत बी फ्लॅट मेजर, ए फ्लॅट मेजर आणि ई मेजर. पेटी असेल तर काळी पाच म्हणजे सा धरा. दुसरा येतो कोमल निषादावर आणि तिसरा तीव्र मध्यमावर. प्रत्येक स्वराला स्वतःचा शुद्ध गंधार आणि पंचम चिकटवलेला. तिन्ही कॉर्ड सुटे वाजवले तर अगदी प्रसन्न आहेत, लग्नाच्या मिरवणुकीत खपतील असे. पण एकामागून एक आले की जमीन सरकते, कारण सा आणि तीव्र म यांच्यामध्ये परतीची वाटच ठेवलेली नाही. पंचम असता तर कान टेकला असता. आपल्याकडे मारव्यात पंचम वगळल्यावर जी अस्वस्थता येते तिच्याशी याचं नातं असावं, पण मारवा हुरहुर लावतो आणि हे धमकावतं.

दुसरी गोष्ट, पुच्चिनीने या कॉर्डना कधीच विकसित केलेलं नाही. तोस्काच्या, चित्रकाराच्या सुरावटी वाढतात, वळतात, एकमेकींत मिसळतात. स्कार्पियाची खूण मात्र जशीच्या तशी येते, शिक्का मारल्यासारखी. कधी गर्जना, कधी कुजबुज, पण आतला ऐवज तोच. चित्रकार आंजेलोत्तीला बागेतल्या विहिरीबद्दल सांगतो तेव्हासुद्धा ती वाद्यवृंदात येऊन जाते. तिथे तर स्कार्पियाला काही ठाऊकच नाही! पण ऐकणाऱ्याला कळतं की त्या विहिरीपर्यंत याचे हात पोहोचणार आहेत.

आता ‘ते देउम’. पहिल्या अंकाचा शेवट. चर्चमध्ये विजयाची प्रार्थना, मोठी मिरवणूक, ऑर्गन, समूहगान, दुरून तोफा. दोन घंटा आळीपाळीने वाजत राहतात, बी फ्लॅट आणि एफ, म्हणजे आपल्या हिशेबात सा आणि प, मिनिटामागून मिनिटं. या अढळ ठोक्यावर स्कार्पिया एकटा उभा राहून मनातलं बोलतो: एकाला फास, दुसरीला माझी मिठी. मग भानावर येतो, ‘तोस्का, तुझ्यापायी मी देवाला विसरतो’ म्हणतो, गुडघे टेकतो आणि सगळ्यांबरोबर प्रार्थनेत सामील होतो. आणि वर लगेच ते तीन कॉर्ड. देवाच्या घरात शेवटचा शब्द त्याचा.

गायकाच्या दृष्टीने ही जागा जीवघेणी आहे. अख्खा वाद्यवृंद, कोरस, ऑर्गन, तोफा, आणि त्यातून एका बॅरिटोनने (मधल्या पट्टीच्या पुरुषी आवाजाने) आरपार जायचं, तेही आरडाओरडा न करता. बरेच जण इथे ओरडतात आणि दुसऱ्या अंकासाठी आवाज उरत नाही.

---

गोलघुमट

लेख चांगला, निष्कर्ष अमान्य.

स्कार्पिया भोगी आहे. त्याला काय हवं ते तो साफ सांगतो: गोडीगुलाबीने मिळालेल्या संमतीपेक्षा जबरदस्तीने जिंकण्यात मला चव येते. एक मिळाली की टाकून दुसरी. ही भूक आहे, आणि भूक समजते. इयागोचं काय? ‘ऑथेल्लो’वरच्या व्हेर्दीच्या ‘ओतेल्लो’ या ऑपेरात दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला तो जे ‘क्रेदो’ म्हणतो ते शेक्सपिअरमध्ये नाही, ते संहिताकार बोइतोने लिहिलं. त्यात तो चर्चमधल्या श्रद्धावचनाचा साचा उचलतो आणि म्हणतो की मला आपल्यासारखंच घडवणाऱ्या क्रूर देवावर माझा विश्वास आहे. माणूस पाळण्यापासून थडग्यापर्यंत दैवाचं खेळणं. आणि शेवटी? मरण म्हणजे काहीच नाही. याच्यापुढे तुमचा बॅरन म्हणजे गावातला मस्तवाल फौजदार.

काही काळ त्या ऑपेराचं नावच ‘इयागो’ ठेवायचं चाललं होतं, यावरून तोल कुठे होता ते कळेल. तो कसा दिसावा याबद्दल व्हेर्दीने मोरेल्ली या चित्रकाराला लिहिलं होतं: शिडशिडीत, पातळ ओठांचा, कशातच लक्ष नसल्यासारखा वागणारा, चांगलं-वाईट सारख्याच हलक्या सुरात बोलणारा. म्हणजे पाहून कुणाला शंका येऊ नये. स्कार्पिया चर्चमध्ये पाऊल टाकतो तर नाचणारी पोरं जागच्या जागी थिजतात. ज्याला बघून सगळे थरथरतात त्याच्यापासून निदान सावध तरी राहता येतं.

आणि सूत्रापुरतं बोलायचं तर इयागो आपल्याला नवा नाही. देवलांनी १८९०मध्ये ‘झुंझारराव’ हा मराठी ‘ऑथेल्लो’ आणला तेव्हापासून तो मराठी रंगभूमीवर आहे. स्कार्पियाला कुणी मराठीत आणल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

---

तारसप्तक

@कोमल_धैवत, दंडवत. पेटीवर वाजवून बघितलं, घरच्यांनी दार लावून घेतलं.

@गोलघुमट, सावध राहता येतं हे पटत नाही. तोस्का सावध राहून काय करणार होती? तिला स्कार्पिया कोण आहे हे पुरतं ठाऊक आहे. काव्हारादोसी तर पहिल्या अंकातच त्याची जन्मपत्रिका मांडतो: दांभिक, विषयी, देवधर्माच्या आडून वासना परजणारा, कबुलीजबाब ऐकणारा पाद्री आणि फाशी देणारा जल्लाद या दोघांनाही वापरून घेणारा. सगळ्यांना सगळं माहीत आहे. इयागोचा खेळ ओतेल्लोला सत्य कळेपर्यंतच चालतो, कळलं की संपला. स्कार्पियाचा खेळ सत्य कळल्याने थांबत नाही. मी म्हणतोय तो फरक हा.

गंमत म्हणजे व्हेर्दीचा ‘ओतेल्लो’ मिलानमध्ये आला तो १८८७च्या फेब्रुवारीत आणि सार्दूचं मूळ फ्रेंच नाटक ‘ला तोस्का’ पॅरिसमध्ये आलं त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. दोघे तसे समवयस्क.

---

ठसका

मला या धाग्याचा सूरच थोडा खटकतोय, म्हणून लिहिते.

‘सभ्य’, ‘शेक्सपिअर वाचलेला’... हळूहळू हा माणूस आवडायला लागतो, आणि दिग्दर्शक मंडळींना नेमकं तेच हवं असतं. मखमली कोट, विगमधून ओघळणारी एखादी बट, हातात पेला. कित्येक प्रयोगांमध्ये तोस्कालाही त्याची छुपी ओढ असल्याचं सुचवतात. संहितेत याला कुठे आधार आहे? ती त्याचा तिरस्कार करते असं स्पष्ट सांगते, आणि त्यावर त्याचं उत्तर काय, तर तिरस्कार किंवा प्रेम, मला फरक पडत नाही. उलट तिचा संताप बघून तो आणखी चेकाळतो. हे एका बाईला खोलीत कोंडून तिचा सौदा करणं आहे. ज्यांच्या हातात बढती, बदली, परवाना, सही असते अशा माणसांसमोर उभं राहिलेल्या कुठल्याही बाईला हा अंक बघताना ‘खानदानी खलनायक’ वगैरे सुचत नाही.

तोस्काच्या ‘व्हिस्सी दार्ते’ या आरियाबद्दल (एकटीने म्हणायच्या गाण्याबद्दल) कुणीच लिहिलं नाही याचंही नवल वाटलं. मी कलेसाठी जगले, प्रेमासाठी जगले, कुणाचं वाईट केलं नाही, देवळात फुलं वाहिली, मग देवा, मला हे फळ का? ऑपेरातलं सर्वांत लोकप्रिय गाणं या अंकात आहे आणि ते तिचं आहे. स्कार्पियाला टाळ्या घेणारी सुटी आरिया पुच्चिनीने दिलीच नाही. मला ते फार बरोबर वाटतं. त्याला गाण्यात मन मोकळं करायला जागा मिळाली असती तर लोकांनी त्याचंही दुःख शोधून काढलं असतं.

---

बाजीरावरोड

शहराचा कोतवाल, बायकांवर नजर, लोकांचा छळ... कुणीच कसं घाशीरामचं नाव काढलं नाही? आपल्याकडे हा माणूस पुण्यात होऊन गेलाय, १७९१मध्ये लोकांनी दगडांनी ठेचला. रोमकरांना जमलं नाही ते पुणेकरांनी केलं!

अवांतर: नाना फडणवीस वारले मार्च १८००मध्ये. म्हणजे ‘तोस्का’ घडतो त्याच्या तीनच महिने आधी. विषयाशी संबंध शून्य, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

---

तारसप्तक

@बाजीरावरोड, तेंडुलकरांच्या घाशीरामला आधी अपमान सोसावा लागतो, मग तो सूड म्हणून कोतवाली मागतो आणि त्यासाठी पोटची मुलगी नानाच्या हवाली करतो. त्याचं असं का झालं याला उत्तर आहे. स्कार्पियाला पूर्वायुष्यच नाही. तो असाच आहे. म्हणून तुलना दोन पावलं चालते आणि थांबते.

@ठसका, शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण सहमती. ‘सभ्य’ हे मी कौतुक म्हणून लिहिलं नव्हतं, पण तसं वाचलं जाऊ शकतं हे खरं.

---

तिबेरकाठ

रोममध्ये राहते, त्यामुळे थोडी स्थानिक भर.

‘तोस्का’च्या तिन्ही जागा खऱ्या आहेत आणि एकीकडून दुसरीकडे आरामात चालत जाता येतं. पहिला अंक सांतान्द्रेआ देल्ला व्हाल्ले या चर्चमध्ये. तिथे पर्यटक ऑपेरातलं आत्ताव्हांतींचं चॅपेल शोधत फिरतात, पण तसं चॅपेल तिथे नाहीच, ते कल्पित आहे. दुसरा अंक पालाझ्झो फार्नेसेत, जिथे स्कार्पियाचं दालन. फ्रेंचांच्या बाजूच्या माणसांना जिथे छळलं असं दाखवलंय तिथे आज फ्रान्सचाच दूतावास आहे! तिसरा अंक कास्तेल सांतांजेलोच्या गच्चीवर. तोस्का तिथून नदीत उडी मारते असं बऱ्याच जणांना वाटतं. गच्चीवर उभं राहून खाली बघितलं की कळतं, नदी बरीच लांब आहे. ती खालच्या दगडांवरच पडणार.

आता इतिहास, कारण त्याशिवाय स्कार्पियाची खुर्ची समजत नाही. १७९८मध्ये फ्रेंचांच्या जोरावर रोममध्ये प्रजासत्ताक आलं. आंजेलोत्ती हा त्याच प्रजासत्ताकाचा माजी कॉन्सुल. १७९९च्या सप्टेंबरात ते कोसळलं आणि नेपल्सच्या राजाचं सैन्य शहरात शिरलं. पोप सहावे पायस फ्रेंचांच्या कैदेत फ्रान्समध्ये वारले होते. नवे पोप व्हेनिसमध्ये निवडले गेले, ते रोमला पोहोचले जुलै १८००मध्ये. म्हणजे ‘तोस्का’च्या दिवशी रोममध्ये पोपच नाही, कारभार नेपल्सकरांचा. नेपल्सची राणी मारिया कारोलिना ही मारी आंत्वानेतची सख्खी बहीण. बहिणीचा गिलोटिनवर शिरच्छेद झाल्यावर फ्रेंच विचारांच्या माणसांबद्दल तिला काय वाटत असेल ते सांगायला नको. सार्दूने स्कार्पियाला सिसिलीचा केलंय. तो रोमकर नाहीच, बाहेरून आलेल्या सत्तेने बसवलेला माणूस आहे. सार्दूच्या नाटकात राणीचा धाकही त्याच्या डोक्यावर लटकतो, आंजेलोत्ती सापडला नाही तर याचीच धडगत नाही. ऑपेराचे संहिताकार इलिका आणि जाकोझा यांनी पाच अंकांचे तीन करताना तो भाग जवळजवळ पुसून टाकला. त्यामुळे नाटकातला स्कार्पिया घाबरलेला वाटू शकतो, ऑपेरातला कधीच नाही.

आणि ते ‘ते देउम’! ती प्रार्थना बोनापार्ट हरल्याबद्दल आहे. १४ जूनला मारेंगोच्या लढाईत दुपारपर्यंत ऑस्ट्रियाचा सेनापती मेलास जिंकत होता, तशी बातमी रवानाही झाली. दुपारनंतर देसेची फ्रेंच तुकडी येऊन पोहोचली, देसे स्वतः मारला गेला, पण लढाई फिरली. दुसऱ्या अंकात खरी बातमी येते आणि रक्तबंबाळ काव्हारादोसी ‘विजय! विजय!’ ओरडतो. म्हणजे स्कार्पियाने गुडघे टेकून आभार मानले ते झालेल्याच नसलेल्या विजयाचे.

पुच्चिनी पहाटेच्या घंटा ऐकायला स्वतः सांतांजेलोवर गेला होता. सेंट पीटरच्या सर्वांत मोठ्या घंटेचा सूर कोणता हे त्याने एका पाद्री मित्राकडून माहीत करून घेतलं आणि तिसऱ्या अंकात तोच वापरला.

पहिला प्रयोगही रोममध्येच, १४ जानेवारी १९००, तेआत्रो कोस्तांझीत. शहरात वातावरण तापलेलं, बॉम्बची अफवा, राणी मार्गेरीता येणार. सुरुवातीला प्रेक्षागृहात असा काही गोंधळ उडाला की मुन्योने या संचालकाला वादन थांबवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. घाबरण्याचं कारण मात्र खोटं नव्हतं: त्याच वर्षी जुलैत मोन्झामध्ये राजा उंबेर्तोवर गोळ्या झाडल्या गेल्या.

---

कोमल_धैवत

@तिबेरकाठ, तुम्ही वेगळा धागा काढाच. आंजेलोत्तीवर नाही तर घंटांवर.

---

खर्ज

गायकांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून पुढे सरसावतो.

पहिला स्कार्पिया उजेनियो जिराल्दोनी. पण आज ज्याच्याशी सगळ्यांची तुलना होते तो तितो गोब्बी. द साबाताने संचालन केलेलं ला स्कालाचं १९५३चं ध्वनिमुद्रण ऐका: कालास, दी स्तेफानो, गोब्बी. गोब्बीचा आवाज काही जगातला सर्वांत सुंदर बॅरिटोन नव्हे, वरच्या पट्टीत तो कोरडा पडतो. पण शब्द! तोस्काला पवित्र पाणी देताना तो इतका मऊ बोलतो की अंगावर काटा येतो. चर्चमध्ये बाईशी बोलायला जाण्याची याची पद्धत म्हणजे बोटं तीर्थात बुडवून तिच्यापुढे धरणं. गोलघुमटरावांसाठी माहिती: गोब्बी इयागोसुद्धा अव्वल गायचा, सेराफिनच्या संचालनाखालचं ध्वनिमुद्रण आहे. दोन्ही पाठोपाठ ऐका आणि मग भांडा.

आवाजाची श्रीमंती हवी असेल तर संचालक कारायानच्या १९६२च्या ‘तोस्का’तला जुझेप्पे तादेई. सोबत तोस्का म्हणून लिओन्टीन प्राइस. तादेईचा स्कार्पिया जेवणावर प्रेम करणारा वाटतो, त्यामुळे दुसऱ्या अंकात ‘माझं बिचारं जेवण अर्धवट राहिलं’ हे वाक्य त्याच्या तोंडी खरं वाटतं. अलीकडचा म्हणाल तर ब्रिन टर्फेल, २०११चं लंडनचं चित्रीकरण. तेलकट केस, अवजड देह. ठसका म्हणतात त्या मखमली परंपरेवर हा चांगला उतारा आहे. त्याला बघून कुणालाही ओढ वगैरे वाटणार नाही.

आणि एक आपल्या मुंबईचा धागा. १९९२च्या जुलैत इटलीत एक अचाट प्रकार झाला. ‘तोस्का’ खऱ्या जागांवर, संहितेतल्या त्या त्या वेळी, थेट प्रक्षेपित केला. पहिला अंक चर्चमध्ये दिवसा, दुसरा फार्नेसेत रात्री, तिसरा सांतांजेलोवर दुसऱ्या दिवशी पहाटे. मालफितानो, दोमिंगो आणि स्कार्पिया म्हणून रुजेरो राइमोंदी. वाद्यवृंद दुसरीकडेच बसलेला आणि त्याचं संचालन करत होते झुबिन मेहता. गायक एका ठिकाणी, वाजवणारे दुसऱ्या, आणि थेट प्रक्षेपण असल्याने चुकायला जागा नाही. राइमोंदी मुळात बास (सर्वांत खालच्या पट्टीचा पुरुषी आवाज), त्यामुळे ‘ते देउम’मधल्या वरच्या सुरांवर त्याला जोर लावावा लागतो, पण उंच, थंड असा तो दालनात चालतो तेव्हा ते घर त्याचंच वाटतं.

---

गोलघुमट

@खर्ज, ऐकले. मत बदललेलं नाही. पण एक कबूल, गोब्बीचा इयागो मजेत असतो आणि स्कार्पिया कामात असतो.

शिवाय एक मुद्दा राहिला. ‘ओतेल्लो’च्या शेवटी इयागो चक्क पळून जातो. पकडा त्याला म्हणेपर्यंत नाहीसा. स्कार्पियाला निदान सुरी बसते. मग मोठा गुन्हेगार कोण, सुटलेला की मेलेला?

---

ठसका

मेलेला, पण मरूनही न सुटलेला. शेवटचं वाक्य आठवा. काव्हारादोसी खरंच मेलाय हे कळतं, शिपाई धावत येतात, तोस्का कठड्यावर चढते आणि ओरडते, ‘स्कार्पिया, आता देवापुढे!’ प्रियकराचं नाव नाही. आयुष्यातला शेवटचा शब्द बोलताना तिच्या डोक्यात तो माणूस आहे, कारण तिचा खटला अजून मिटलेला नाही. तिला अपील करायला दुसरं कोर्टच उरलेलं नाही.

आणि खून झाल्यानंतरचा प्रसंग बघा. मेलेल्याच्या मुठीतून ती परवाना सोडवते. ‘याच्यापुढे अख्खं रोम थरथरत होतं’ हे वाक्य एकाच खालच्या सुरावर, जवळजवळ बोलल्यासारखं म्हणते. मग निघून जायचं सोडून त्याच्या दोन्ही बाजूंना मेणबत्त्या ठेवते, छातीवर क्रूस ठेवते. हे दृश्य अभिनेत्री सारा बर्नारने गाजवलेल्या सार्दूच्या नाटकातून आलंय. भाविक बाई आहे, प्रेत तसंच टाकून जाववत नाही. इतकं होऊनही ती तिचा धर्म पाळते आणि तो शेवटपर्यंत त्याची नियमावली.

---

रानजाई

दुसरा अंक बघितला, मग राहवेना म्हणून तिसराही. बाप रे.

एक शंका. तो जो परवाना लिहून देतो तो खरा असतो का? म्हणजे काव्हारादोसीला मारायचंच होतं तर कागद लिहायची काय गरज? नुसतं हो म्हणाला असता तरी चाललं असतं.

---

तारसप्तक

@रानजाई, कागद खरा आहे. रोमबाहेर पडायला चिव्हितावेक्क्या बंदराचा रस्ता घ्यायचा हेसुद्धा ठरतं. गरज अशी की परवाना तोस्का मागते, आणि तो लिहायला वळतो तेवढ्यात तिला सुरी दिसते. पण तिसऱ्या अंकात दोघं तो कागद मोठ्याने वाचतात तेव्हा त्यातली भाषा नीट ऐका: फ्लोरिया तोस्का आणि तिच्यासोबत असणारा सरदार, यांना जाऊ द्यावे. काव्हारादोसीचं नाव कुठेही नाही.

---

ठसका

म्हणजे सोबत कुणी नसेल तरी कागद वैधच.

---

गोलघुमट

बरं, फौजदार शब्द मागे घेतो. किमान मामलेदार.